एका गलबताचे पाच परवाने

भाईंदरहून उत्तनकडे जाणारा रस्ता धरला की वाटेत मुर्धा, राई, मोर्वा ही गावे लागतात. आजूबाजूला मिठागरे, उत्तरेला वसईची खाडी आणि खाडीपलीकडे वसईचा किल्ला. हा धागा त्या खाडीच्या तोंडावरून जाणाऱ्या गलबतांविषयी आहे. आणि थोडासा तुमच्या-माझ्या फोनमध्ये साठलेल्या विमान कंपन्यांच्या सदस्य क्रमांकांविषयीही.

१९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी 'ॲडव्हांटेज' योजना काढली आणि पाहता पाहता प्रत्येक कंपनीने स्वतःचे खाते उघडले. प्रत्येकाचे नियम वेगळे, मुदत वेगळी. कोणते खाते कुठे चालते आणि कधी संपते, याची नोंद ठेवणे हा प्रवाशाचा जोडधंदा झाला. मात्र ही कसरत पश्चिम किनाऱ्याला नवी नाही. अडीच-तीनशे वर्षांपूर्वी येथील नाखवा, म्हणजे गलबताचा प्रमुख, हेच करीत होता. फरक इतकाच की त्याची नोंद चुकली तर गलबत, माल आणि माणसे, सारेच जात असे.

सुरुवात पोर्तुगीजांपासून करावी लागते. सोळाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी हिंदी महासागरावर एक विलक्षण दावा ठोकला: या समुद्रातून जाणाऱ्या जहाजाजवळ आमचा लेखी परवाना हवा. या परवान्याचे नाव 'कार्ताझ'. त्यात जहाजाचे व नाखव्याचे नाव, जहाजावरील शस्त्रे, निघण्याचे व पोहोचण्याचे बंदर आणि मुदत लिहिलेली असे. मिरी, दारूगोळा, तुर्क प्रवासी अशा निषिद्ध गोष्टींची यादीही असे. कागद नसेल किंवा कागदाबाहेरचे काही सापडले, तर जहाज जप्त.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कार्ताझची स्वतःची फी किरकोळच होती. खरा पैसा दुसरीकडे होता: परवाना घेणाऱ्याला पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरावी लागे. कागद स्वस्त देऊन गिऱ्हाइकाला आपल्याच दारातून जायला लावायचे, ही युक्ती विमान कंपन्यांच्या कितीतरी आधीची आहे.

आपल्या परिसरात ही युक्ती कराराच्या कलमात उतरली ती २३ डिसेंबर १५३४ रोजी. हुमायूनच्या भीतीने गांजलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्याच तहात ठरले की तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईहून निघावे, परत वसईलाच यावे आणि तेथे जकात भरावी. अन्यत्र जाणाऱ्यांनीही पोर्तुगीज परवाना घ्यावा. मुर्ध्याच्या समोरची खाडी अशा रीतीने एका मोठ्या समुद्री नाक्याची चौकी झाली.

परवान्यापुढे बादशाही घराणेही सुटले नाही. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा तिला परवान्यासाठी सुरतेत सुमारे वर्षभर ताटकळावे लागले. १५७६ मध्ये तिचे जहाज सुटले. बदायुनीने नोंदवलेली एक तक्रार तर फारच बोलकी आहे. समुद्रमार्गे जायचे तर मेरी आणि येशू यांची चित्रे असलेले परवाने बाळगावे लागतात, म्हणून हजचे कर्तव्य उरत नाही, असे मत तेव्हाच्या एका बड्या धर्मपंडिताने दिले होते. पुढे अकबराशी समेट झाल्यावर दरवर्षी एका बादशाही जहाजाला विनाशुल्क कार्ताझ मिळू लागला. आजच्या भाषेत हा 'खास सदस्य' दर्जाच म्हणायचा!

पण दर्जा असला म्हणजे सुरक्षितता असते, असे नाही. १६१३ साली पोर्तुगीजांनी सुरतेजवळ 'रहीमी' हे जहाज पकडून गोव्याला नेले. ते जहांगीरची आई मरियम-उझ-झमानी हिचे होते आणि त्याच्याजवळ वैध कार्ताझ होता. मग अपराध कोणता? मुघलांनी सुरतेत इंग्रजांना पाय रोवू दिले होते. दुसऱ्या दुकानाकडे वळलेल्या गिऱ्हाइकाला दिलेली ती शिक्षा होती. जहांगीरने संतापून पोर्तुगीजांचा व्यापार रोखला आणि दमणला वेढा घालायला लावला. एका कागदाचा शब्द मोडल्याने दोन सत्ता युद्धावर आल्या.

इंग्रज आणि डच आले तसे परवानेही वाढले. आता १७२० च्या सुमारास सुरतेहून मलबारकडे निघालेल्या एखाद्या हिंदी व्यापाऱ्याच्या गलबताची कल्पना करा. दमण व वसई पोर्तुगीजांची. पुढे इंग्रजांची मुंबई. तिच्या तोंडाशीच खांदेरी आणि खाली कुलाबा, हे कान्होजी आंग्रे यांचे. मध्ये चौल पुन्हा पोर्तुगीजांचे. मग सिद्दीचा जंजिरा. पुन्हा आंग्र्यांचे सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग. मग गोवा, आणि शेवटी डचांचे कोची. एका सफरीत पाच सत्ता, आणि त्या एकमेकींच्या वैरी. एकीचा कागद दुसरीसमोर चुकून पुढे केला तर तो संरक्षण न ठरता पुरावा ठरे. त्यामुळे नाखव्याच्या पेटीतील कागद नुसते जपून भागत नसे. समोरच्या डोलकाठीवर कोणाचे निशाण आहे ते ओळखून नेमका कागद काढावा लागे. आणि सर्व कागद बरोबर असले तरी चाचे काही वाचत बसत नसत. १६९५ साली हेन्री एव्हरीने औरंगजेबाचे 'गंज-इ-सवाई' लुटले, तेव्हा कोणत्याच शिक्क्याचा उपयोग झाला नाही.

सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या 'दस्तका'कडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटले आणि ते विशेषण बरीच वर्षे चिकटून राहिले. वास्तविक कान्होजी तेच करीत होते जे पोर्तुगीज दोनशे वर्षे करीत आले होते: आमच्या किनाऱ्यावरून जाता, तर आमचा परवाना घ्या. १७१३ मध्ये इंग्रजांशी त्यांचा समझोता झाला, पण कळीचा प्रश्न सुटला नाही. कंपनीच्या जहाजाला हात लावायचा नाही हे ठीक. पण मुंबईकर इंग्रजांचा परवाना घेऊन जाणारे हिंदी व्यापाऱ्याचे गलबत कोणाचे? इंग्रज म्हणत, आमच्या आश्रयाचे. कान्होजी म्हणत, माल हिंदी व्यापाऱ्याचा, तर दस्तक माझे हवे. एका खात्याचे लाभ दुसऱ्याच्या दारात चालावेत का, हाच हा वाद. गव्हर्नर चार्ल्स बूनच्या कारकिर्दीत तो तोफांवर आला. १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर इंग्रजांनी हल्ले केले, दोन्ही फसले. १७२९ मध्ये कान्होजी वारले तोपर्यंत त्यांचे दस्तक किनाऱ्यावर चालत होते.

मग पेटीतील कागद एकेक करून कमी होत गेले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि येथील पोर्तुगीज चौकी बंद झाली. फेब्रुवारी १७५६ मध्ये, तुळाजी आंग्र्यांशी वैर धरलेल्या पेशव्यांच्या संमतीने, इंग्रजांनी विजयदुर्गात मराठी आरमार जाळले. माझ्या मते किनाऱ्याच्या इतिहासातील सर्वांत महाग पडलेला निर्णय तो हाच. नाखव्याची डोकेदुखी हलकी झाली खरी, पण एका सत्तेने अडवले तर दुसरीकडे जाण्याची सोयही त्याच आगीत गेली.

१७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. खाडीच्या अलीकडे कंपनी, पलीकडे पेशवे. आणि समुद्रावर मुंबईचा शिक्का.