सिंप्युटर : काळाच्या पुढे, की संख्येच्या मागे?

भारतीय तंत्रज्ञानाच्या इतिहासात सिंप्युटरचा उल्लेख बहुधा ‘काळाच्या पुढचे यंत्र’ असा केला जातो. हे वर्णन गौरवाचे असले, तरी त्यातून अपयशाचे कारण कळत नाही. ते कारण जाणून घेणे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी अधिक उपयोगाचे आहे.

१९९८ साली बंगळूरु येथे विकसनशील देशांसाठी माहिती-तंत्रज्ञान या विषयावर एक परिसंवाद भरला होता. तेथील चर्चेतून सामान्य माणसाच्या हातात मावेल अशा स्वस्त, बहुभाषिक संगणकाची कल्पना पुढे आली. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतील अभियंते यांनी १९९९ मध्ये सिंप्युटर ट्रस्ट स्थापन केला. एप्रिल २००१ मध्ये पहिला नमुना लोकांसमोर आला. उत्पादन बाजारात आणण्यासाठी प्राध्यापकांनी पिकोपेटा ही कंपनी काढली.

त्या नमुन्यात इंटेलचा २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर होता आणि लिनक्स ही मुक्त प्रणाली होती. स्पर्शपडदा होता, आणि लिहिलेला मजकूर भारतीय भाषांत वाचून दाखवण्याची सोय होती. सर्वांत विचारपूर्वक केलेली योजना स्मार्टकार्डाची होती. यंत्र गावात एकच असावे, प्रत्येकाने स्वतःचे कार्ड घालून स्वतःची माहिती पाहावी, म्हणजे खर्च अनेकांत विभागला जाईल, हा त्यामागचा हिशेब होता. अपेक्षित किंमत सुमारे ९,००० रुपये होती; मात्र ती मोठ्या प्रमाणावरील उत्पादन गृहीत धरून काढलेली होती.

मार्च २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने तयार केलेला पिकोपेटाचा ‘अमिडा सिंप्युटर’ विक्रीस आला. त्यात त्वरणमापक होता. यंत्र हलवून पान उलटता येत असे. आयफोन यायला तेव्हा आणखी तीन वर्षे होती. तरीही ५०,००० नगांच्या अपेक्षेसमोर प्रत्यक्ष विक्री जेमतेम ४,००० च्या आसपास राहिली. किंमत सुमारे १०,००० रुपयांपासून सुरू होत असे आणि रंगीत पडद्याचे यंत्र त्याच्या जवळजवळ दुप्पट किमतीला पडे.

असे का झाले? एक साधे गणित करून पाहू. समजा, आराखडा, साचे, चाचण्या आणि सॉफ्टवेअर यांवर १० कोटी रुपये खर्च झाले. (हा आकडा केवळ प्रमाण कळावे म्हणून घेतला आहे.) एक लाख यंत्रे विकली गेली, तर या खर्चाचा प्रत्येक यंत्रावर पडणारा भार १,००० रुपये होतो. चारच हजार विकली गेली, तर तो २५,००० रुपये होतो. शिवाय सुटे भाग थोडे घेतले की महाग पडतात. किंमत कमी नसल्यामुळे मागणी नाही आणि मागणी नसल्यामुळे किंमत कमी होत नाही, हे चक्र भेदण्यासाठी मोठे भांडवल किंवा मोठी खात्रीची मागणी लागते. यांतले काहीच पुरेसे मिळाले नाही. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींसाठी सिंप्युटर वापरला गेला. पण अशा उपक्रमांतून लाखांची मागणी उभी राहिली नाही.

दुसरे कारण मोबाइलचे. जुलै २००३ मध्ये रिलायन्सने सुरुवातीला केवळ ५०१ रुपये भरून फोन देऊ केला. त्या फोनमध्ये सिंप्युटरची क्षमता नव्हती, पण दूरच्या माणसाशी बोलता येत होते. एकाच यंत्रात गावाने वाटेकरी व्हावे, या गृहीतकाला लोकांनी स्वतःच्या खिशातल्या फोनने उत्तर दिले.

पिकोपेटा पुढे मुंबईच्या जिओडेसिक कंपनीत विलीन झाली. एन्कोरने हेच तंत्र वापरून सैन्यासाठी ‘साथी’ नावाचे उपकरण विकसित केले.

सिंप्युटरच्या निर्मात्यांनी प्रयोगशाळेतील प्रश्न उत्तम सोडवला होता, यात शंका नाही. यंत्र चालते हे सिद्ध झाले होते. ते लाखोंच्या संख्येने कोण बनवणार आणि कोण विकत घेणार, हा प्रश्न मात्र सुटला नव्हता. एखाद्या स्वदेशी उपकरणाचा नमुना तयार झाल्याची बातमी आजही आपण आनंदाने वाचतो, आणि वाचावीच. मात्र त्यासोबत एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घेऊ : पहिली एक लाख यंत्रे कोण विकत घेणार आहे?