माहितीविषयक आत्मनिर्णयाचा हक्क

माहितीविषयक आत्मनिर्णयाचा हक्क : स्वतःसंबंधीची माहिती कोणाला, कोणत्या कामासाठी व कोणत्या मर्यादेत वापरू द्यावयाची, हे ठरविण्याचा व्यक्तीचा हक्क. प. जर्मनीच्या संघीय संविधान न्यायालयाने १५ डिसेंबर १९८३ रोजी जनगणनेसंबंधी दिलेल्या निर्णयामुळे ही संज्ञा रूढ झाली. व्यक्तिगत माहिती ही व्यक्तीच्या मालकीची वस्तू आहे म्हणून नव्हे, तर तिच्या प्रतिष्ठेचा अंश आहे म्हणून तिला संरक्षण द्यावयाचे, हे या हक्काचे अधिष्ठान होय. येथे प्रतिष्ठा म्हणजे लौकिक किंवा मानमरातब नव्हे. केवळ माणूस असल्यामुळे प्रत्येकाला लाभणारे मोल, असा तिचा अर्थ आहे.

हा विचार जर्मनीत रुजण्यास तेथील इतिहास कारणीभूत झाला. नाझी राजवटीने १७ मे १९३९ रोजी घेतलेल्या जनगणनेत एक पुरवणी पत्रक भरून घेण्यात आले व त्यात आजी-आजोबांपैकी कोण ज्यू होते, असा प्रश्न होता. या जनगणनेची वर्गवारी छिद्रित पत्रकांवर चालणाऱ्या हॉलेरिथ यंत्रांनी करण्यात आली. शेजारच्या नेदर्लंड्समध्ये नागरिकांची नोंदवही युद्धापूर्वीच मोठ्या चोखपणे ठेवलेली होती आणि तीत धर्माचीही नोंद असे. प्रशासनाच्या सोयीसाठी तयार झालेली ही नोंदवही १९४० मध्ये आक्रमकांच्या हाती आयती पडली. २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकार चळवळीतील काही जणांनी पोलिसांच्या वेषात अ‍ॅम्स्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरून तेथील दप्तराला आग लावली; या कटातील बारा जणांना पुढे गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्या देशातील सुमारे तीन-चतुर्थांश ज्यू या संहारात बळी पडले. नोंदवही हे त्याचे एकमेव कारण नव्हते, पण तिने शोधाचे काम सोपे केले, यात शंका नाही.

युद्धोत्तर प. जर्मनीच्या मूलभूत विधीने (१९४९) पहिल्याच अनुच्छेदात मानवी प्रतिष्ठा अनुल्लंघनीय ठरविली. तिच्या आधारे संविधान न्यायालयाने १९६९ मध्ये, माणसाची वस्तूप्रमाणे संपूर्ण यादी करण्याचा अधिकार शासनाला नाही, असे म्हटले. मात्र सुट्टीतील प्रवासासंबंधीचे जे प्रश्न त्या वेळी वादग्रस्त ठरले होते, ते वैध मानले. हेसन या घटकराज्याने १९७० मध्ये माहिती-संरक्षणाचा अधिनियम केला. तो जगातील अशा प्रकारचा पहिला अधिनियम समजला जातो. स्वीडनने १९७३ मध्ये राष्ट्रीय पातळीवर तसा कायदा केला व प. जर्मनीचा संघीय अधिनियम १९७७ मध्ये संमत झाला.

एप्रिल १९८३ मध्ये योजिलेल्या जनगणनेला लोकांनी अनपेक्षितपणे मोठा विरोध केला. विचारावयाचे प्रश्न फारसे खाजगी नव्हते : नाव, पत्ता, धर्म, उपजीविका, घराची माहिती, कामावर जाण्याचे साधन इत्यादी. आक्षेप होता तो दुसऱ्याच तरतुदीला. गोळा केलेली माहिती स्थानिक रहिवासी-नोंदवहीशी ताडून पाहण्याची व नोंदवही दुरुस्त करण्याची मुभा प्रशासनाला देण्यात आली होती. संख्याशास्त्रासाठी दिलेले उत्तर त्यामुळे उत्तर देणाऱ्याच्याच विरुद्ध वापरले जाण्याचा संभव होता. हजाराहून अधिक तक्रार-अर्ज न्यायालयात दाखल झाले. न्यायालयाने प्रथम जनगणना स्थगित केली व आठ महिन्यांनी अंतिम निर्णय दिला.

निर्णयातील युक्तिवाद मुळातून समजून घेण्याजोगा आहे. स्वयंचलित संस्करणाच्या युगात क्षुल्लक अशी माहितीच उरत नाही, असे न्यायालय म्हणते. एरवी निरुपद्रवी असलेले तपशील एकत्र जोडले की त्यांतून व्यक्तीचे चित्र उभे राहते आणि ते बरोबर आहे की नाही, हे तपासण्याचे साधन तिच्याजवळ नसते. आपल्याविषयी कोणाला काय ठाऊक आहे, हे ज्याला कळत नाही, तो सभेला जाण्यास किंवा संघटनेत सामील होण्यास कचरेल. मग हानी केवळ त्याचीच नव्हे, तर लोकशाहीचीही होते. म्हणून माहितीचा हेतू आधी निश्चित असावा, तिचा वापर त्या हेतूपुरता असावा व हक्कावरील प्रत्येक निर्बंधाला स्पष्ट कायद्याचा आधार असावा, असे ठरले. जनगणना न्यायालयाने अवैध ठरविली नाही, नोंदवहीशी ताडण्याची तरतूद मात्र रद्द केली. सुधारित कायद्यानुसार जनगणना मे १९८७ मध्ये पार पडली.

या निर्णयापुढे प्रामुख्याने शासन होते, बाजारपेठ नव्हती. अंकीय अर्थव्यवस्थेत चित्र पालटले. तेथे सक्ती नसते, ‘संमती’ असते. पण जी सेवा टाळून व्यवहार चालत नाही, तिच्या अटींना दिलेली संमती ऐच्छिक कशी मानावी? २०१८ पासून लागू झालेल्या यूरोपीय संघाच्या सर्वसाधारण माहिती-संरक्षण विनियमाने संमती मुक्त व हेतुनिष्ठ असावी, असा दंडक घातला. जर्मनीच्या स्पर्धा-नियामकाने २०१९ मध्ये फेसबुकला इतरत्र गोळा केलेली माहिती ऐच्छिक संमतीवाचून एकत्र करण्यास मनाई केली. पुढे याच कंपनीने वर्गणी भरा अथवा जाहिरातींसाठी माहिती वापरू द्या, असा पर्याय पुढे केला. तो संघाच्या अंकीय बाजारविषयक कायद्यात बसत नसल्याचे ठरवून यूरोपीय आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये तिला २० कोटी यूरो दंड केला. माहिती ही मालमत्ता मानली, तर असा सौदा न्याय्य ठरेल; ती प्रतिष्ठेचा अंश मानली, तर ज्याला वर्गणी परवडत नाही त्याची प्रतिष्ठा कमी किमतीची ठरते. हा पेच दंडाने सुटलेला नाही.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात (२४ ऑगस्ट २०१७) खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला, त्याचे मूळ मानवी प्रतिष्ठेत शोधले आणि माहितीविषयक खाजगीपणाचाही त्यात समावेश केला. त्यानंतर अंकीय व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम (२०२३) संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. या अधिनियमात कसूर करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तथापि केंद्र शासन अधिसूचित करील अशा शासकीय यंत्रणांना राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था इ. कारणांसाठी त्यातून वगळता येते. जर्मन न्यायालयाने ज्या शासनाला प्रथम बांधले, त्यालाच येथे सूट आहे. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. ज्याच्या माहितीचा दुरुपयोग झाला, त्याला भरपाई देण्याची तरतूद या अधिनियमात नाही, आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील भरपाईचे कलम ४३-अ वगळण्याचेही त्यातच योजिले आहे.