बॅट आणि हात : सन १९५२ च्या मुंबईचा धडा

कांहीं खेळांच्या इतिहासांत असा एखादा प्रसंग येतो कीं, त्या वेळीं खेळाडूपेक्षां त्याच्या हातांतील साधनाचीच चर्चा अधिक होते. टेबल टेनिसच्या इतिहासांत असा प्रसंग फेब्रुवारी १९५२ मध्यें घडला, आणि तो घडला मुंबईंत. जागतिक अजिंक्यपदाचे सामने आशिया खंडांत भरण्याची ती पहिलीच वेळ होती. मुलाच्या हट्टाखातर दुकानांतील सर्वांत वेगवान बॅट विकत घेण्यास निघालेल्या आजच्या पालकांनीं हा इतिहास अवश्य ध्यानांत घ्यावा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांतील सुखवस्तु घरांत भोजनोत्तर करमणूक म्हणून हा खेळ जन्मास आला. त्या काळीं लांब दांड्याच्या चौकटीवर ताणून बसविलेलें चामडें हीच बॅट असे. सन १९०० च्या सुमारास सेल्युलॉइडचा पोकळ चेंडू प्रचारांत आला. त्याच्या आघातानें चामड्यांतून जो नाद निघे, त्यावरूनच 'पिंग पाँग' हें नांव रूढ झालें. पुढें चामडें गेलें, लांकडी फळी आली, आणि त्या फळीवर बारीक उंचवट्यांचें रबर चिकटविण्याची रीत पडली. सन १९२६ मध्यें आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला व त्याच वर्षीं लंडनला पहिले जागतिक सामने झाले. त्या वेळेपासून सुमारें पंचवीस वर्षें याच रबराचें राज्य होतें. हंगेरीच्या व्हिक्टर बार्ना यानें एकेरीचें अजिंक्यपद पांच वेळां मिळविलें तें अशाच बॅटनें.

त्या रबराचा गुण असा कीं, चेंडू त्यावर क्षणभरच टेकतो व जवळजवळ दिलेल्या वेगानेंच परततो. त्यामुळें बचाव करणाऱ्यास चांगलें पाठबळ मिळे. सन १९३६ मध्यें प्राग येथें एर्लिख व पानेत या दोघां बचावपटूंच्या सामन्यांत पहिल्याच गुणाचा निकाल लागण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागला. अखेरीस जाळ्याची उंची कमी करून आक्रमणास वाव द्यावा लागला. दुसरा गुण आवाजाचा. चेंडू किती जोरानें मारला गेला हें प्रतिपक्षी डोळ्यांप्रमाणें कानांनींहि ओळखीत असे.

मुंबईच्या सामन्यांत जपानचा संघ जागतिक स्पर्धेंत प्रथमच उतरला होता. त्यांत हिरोजी सातो नांवाचा, डोळ्यांस चष्मा लावणारा, किरकोळ बांध्याचा एक खेळाडू होता. त्याच्या बॅटवर उंचवट्यांचें रबर नव्हतें, जाड स्पंज होता. चेंडू त्या स्पंजांत रुते आणि गलोलींतून सुटावा तसा बाहेर पडे, आणि तोहि जवळजवळ निःशब्द! समोरचा जितक्या त्वेषानें फटका मारी, तितक्याच वेगानें त्याचा चेंडू त्याच्यावर उलटे. कानांची सवय लागलेल्या मातबर खेळाडूंचा अंदाज पार चुकूं लागला. अमेरिकेचा मार्टी राइझमन हा विजेतेपदाच्या दावेदारांपैकीं एक. तोहि सातोपुढें निष्प्रभ ठरला. अंतिम सामन्यांत हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवून सातो जगज्जेता झाला.

मग प्रश्न उभा राहिला : हा जय खेळाडूचा कीं स्पंजाचा? आक्षेप घेणाऱ्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. आयुष्यभर कमावलेलें कसब एका नव्या साधनापुढें निरुपयोगी ठरावें, यांत अन्याय वाटणें स्वाभाविकच होतें. वाद सात वर्षें चालला. सन १९५९ मध्यें संघानें मर्यादा घातली. नुसतें उंचवट्यांचें रबर असल्यास जाडी २ मिलिमीटरपर्यंत, व खालीं स्पंज असल्यास दोन्ही मिळून ४ मिलिमीटरपर्यंत असावी. केवळ स्पंजाची बॅट मात्र वर्ज्य ठरली.

तथापि इतिहासानें त्या प्रश्नाचें उत्तर त्याआधींच दिलें होतें. सातोला एकेरीचें जगज्जेतेपद पुन्हां मिळालें नाहीं. नवलाई ओसरतांच तिच्यावर विसंबलेला लाभहि ओसरतो. उलट त्याचाच देशबंधु इचिरो ओगिमुरा यानें स्पंजाचीच बॅट घेतली, परंतु तिला कठोर सराव व चपळ पदन्यास यांची जोड दिली. सन १९५४ व १९५६ अशीं दोन अजिंक्यपदें त्यानें मिळविलीं. राइझमननें तर जुनी बॅट सोडलीच नाहीं. सन १९९७ मध्यें, वयाच्या ६७ व्या वर्षीं, जुन्या बॅटनें खेळावयाची अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा त्यानें जिंकली. साधन हाताला गति देतें, पण हात घडवीत नाहीं, हाच याचा अर्थ.

आज बॅटचा आत्मा असलेली फळी, म्हणजे ब्लेड, निवडतांना हाच विवेक उपयोगी पडतो. नियमाप्रमाणें फळीच्या जाडीपैकीं निदान ८५ टक्के भाग नैसर्गिक लांकडाचा असावा लागतो. उरलेल्या भागांत कार्बनसारख्या तंतूंचे पातळ थर घालतां येतात. असे तंतु घातलेली फळी सहसा ताठ व वेगवान असते. परंतु नवशिक्याचा फटका अद्याप पक्का झालेला नसतो. ताठ फळीवरून चेंडू इतक्या त्वरेनें सुटतो कीं, चूक मनगटाची कीं कोनाची हेंहि त्याला उमगत नाहीं. त्यानें केवळ लांकडाची, पांच थरांची, साडेपांच ते सहा मिलिमीटर जाडीची मध्यम फळी घ्यावी. ती चेंडूचा स्पर्श हातापर्यंत पोंचविते, आणि त्या स्पर्शांतूनच हात शिकतो. वजनाची फळी लहान मुलाच्या मनगटास लवकर थकविते, म्हणून हलकी बरी. फटके स्थिर झाले, फिरकी मनासारखी साधूं लागली, म्हणजे आक्रमकानें सात थरांची फळी पाहावी. तंतुमय फळीचा विचार त्याच्याहि नंतर. बचावाचा पिंड असलेल्यास तर अखेरपर्यंत मंद फळीच अधिक मानवते.

वेगाचा मोह मोठा असतो. परंतु जो वेग आपण उत्पन्न केला नाहीं, तो आवरणेंहि आपल्या हातीं नसतें. मुंबईंत त्या फेब्रुवारींत भल्याभल्यांना हें प्रतिपक्षी म्हणून शिकावें लागलें. नवशिक्यानें तें स्वतःच्याच बॅटकडून शिकण्याची पाळी आणूं नये.