कालव्याकाठची कचेरी

आम्स्टरडॅम शहराने १६१३ साली ज्या मोठ्या नगरविस्तारास हात घातला, त्यातून हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे तीन कालवे शहराभोवती कड्याप्रमाणे आकारास आले. ‘ग्राख्त’ म्हणजे शहरातला खोदीव कालवा. त्याच्या काठी व्यापाऱ्यांनी बांधलेल्या उंच, अरुंद, विटांच्या घरांपैकी पुष्कळांत आज वकील, सल्लागार आणि वास्तुविशारद यांची कार्यालये थाटलेली दिसतात, आणि त्यावरून राहत्या वाड्यांवर आधुनिक व्यवसायाने अतिक्रमण केले, असा समज सहज होतो. या समजाला इतिहासाचा आधार नाही, कारण यांतील कित्येक घरांत कचेरी पहिल्या दिवसापासून नांदत होती.

घराची मांडणीच त्याची साक्ष देते. हिशेबाच्या वह्या आणि करारपत्रे सांभाळण्यासाठी ‘कांतोर’ नावाची खोली असे, आणि आजही डच भाषेत कार्यालयाला हाच शब्द आहे. मधल्या मजल्यांवर कुटुंब राही, तर पोटमाळ्यावर माल साठवला जाई. तो वर ओढण्यासाठी छपराच्या त्रिकोणाखाली तुळई बाहेर काढून तिला कप्पी अडकवीत. वेंगुर्ल्यास वलंदेजांनी, म्हणजे डचांनी, १६३७ मध्ये घातलेल्या वखारीमुळे कोठार आणि कचेरी यांचा असा एकत्र संसार कोकणालाही परिचयाचा झाला.

हा संसार मोडला तो संपत्ती वाढल्यावर. १६६० नंतरच्या विस्तारात हेरेनग्राख्तच्या ज्या वळणावर दुहेरी रुंदीचे भूखंड घेऊन श्रीमंतांनी प्रासादतुल्य घरे उभारली, त्यास ‘सोनेरी वळण’ म्हणतात, आणि तेथे मालाचा वास दिवाणखान्यापर्यंत येऊ नये इतकी प्रतिष्ठा घराला आली. मात्र ही प्रतिष्ठा कोठून आली, हे विसरून त्या वास्तूंचे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्याच कालव्यावरील ५०२ क्रमांकाचे घर १६७२ च्या सुमारास पाउलुस खोडिन याच्यासाठी बांधले गेले. तो वेस्ट इंडिया कंपनीचा संचालक होता, आणि ही कंपनी आफ्रिकेतील माणसांना गुलाम म्हणून विकत असे. आता ते महापौरांचे अधिकृत निवासस्थान असून त्या व्यापाराची आठवण देणारा फलक २००६ साली तेथे बसवण्यात आला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सधन कुटुंबे शहराबाहेरच्या मोकळ्या वस्त्यांकडे वळली आणि बँका व विमा कंपन्या त्यांच्या जागी आल्या. त्यांनी शेजारच्या घरांमधील सामाईक भिंती फोडून सलग दालने केली, त्यामुळे रस्त्यावरून पाहता दर्शनी भिंती जशाच्या तशा राहिल्या तरी आतील जिने आणि खोल्यांचा क्रम हरवला. जुन्या घरात नवे काम शिरण्यापेक्षा हे नुकसान मोठे होते. १९६१ च्या स्मारक कायद्याने संरक्षित इमारतींतील अशा बदलांना परवानगीचे बंधन घातले. त्याखेरीज जमिनीचे बंधन आहेच: मऊ, दलदलीच्या मातीतून सुमारे १२ मीटर खाली वाळूच्या थरापर्यंत ठोकलेल्या लाकडी खांबांवर ही घरे उभी आहेत, आणि खांबांची डोकी भूजलात बुडालेली राहिली तरच ती कुजत नाहीत.

घर आणि कचेरी यांच्या या एकत्रपणाने एकदा माणसांना आसराही दिला. प्रिन्सेनग्राख्त २६३ हे १६३५ चे घर. तेथे १९४० च्या अखेरीस ज्यू व्यापारी ऑटो फ्रँक यांचा व्यवसाय आला, तळमजल्यावर मसाल्यांचे कोठार आणि वर कार्यालय होते, आणि मागच्या बाजूला जोडलेल्या घरात जुलै १९४२ पासून टप्प्याटप्प्याने येऊन फ्रँक यांच्यासह आठ ज्यू माणसे नाझींपासून लपून राहिली. चालू कचेरीच्या रोजच्या वर्दळीमुळे, आणि तेथील मोजक्या विश्वासू कर्मचाऱ्यांनी जीव धोक्यात घालून अन्न पुरवल्यामुळे, हा आसरा ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांना अटक होईपर्यंत टिकला. त्या आठांपैकी एकटे ऑटो फ्रँक छळछावणीतून जिवंत परतले. १९६० साली ती वास्तू संग्रहालय म्हणून खुली झाली, आणि मागील घराच्या खोल्या त्यांच्या इच्छेनुसार आजही रिकाम्या ठेवलेल्या आहेत.