चादरीवरील मोर आणि पडद्यावरील चित्र

सोलापुरी चादरीवरील मोर आणि मोबाइलच्या पडद्यावरील चित्र हीं एकाच कुळांतलीं आहेत, असें म्हटल्यास ती अतिशयोक्ति वाटेल. एक सुताचा, दुसरें प्रकाशाचें. परंतु दोहोंची घडण एकच आहे. आधीं सारा पट लहान चौकोनांत वाटावयाचा, आणि मग प्रत्येक चौकोनानें काय करावयाचें तें नेमून द्यावयाचें.

तेलंगणांतून आलेले पद्मशाली विणकर सोलापुरांत स्थिरावले. १८७७ सालीं शहरांत पहिली कापडगिरणी सुरू झाली. विसाव्या शतकांत येथील मागांवर जॅकार्डची नक्षीदार चादर निघूं लागली आणि शहराचें नांव तिनें घरोघर नेलें.

जॅकार्ड हें मूळ एका माणसाचें नांव. छिद्रें पाडलेल्या कागदानें माग चालविण्याचा प्रयत्न फ्रान्समध्यें १७२५ पासूनच चालला होता. त्याला कायमचें रूप १८०४ सालीं लियों शहरच्या जोसेफ मारी जॅकार्ड यांनीं दिलें. पुठ्ठ्याच्या कार्डांत छिद्र असेल तेथें सुई आरपार जाते व तिच्या आंकड्याला अडकलेला उभा धागा वर उचलला जातो. छिद्र नसेल तेथें सुई मागें ढकलली जाते आणि धागा खालींच राहतो. आडव्या धाग्याच्या एका फेरीस एक कार्ड, अशी कार्डांची माळ मागावर फिरते.

माग केवळ आज्ञा पाळतो. आज्ञा लिहितो तो नक्षीकार. त्याच्यापुढें चौकोनी आंखणीचा कागद असतो. मोराच्या मानेचा बांक चौकोनांत उतरवितांना त्याच्या पायऱ्या होतात. कोणता चौकोन भरावा व कोणता सोडावा, हें त्याच्या नजरेनेंच ठरतें. एक चौकोन चुकला तर ती चूक एकाच चादरींत राहत नाहीं. त्या कार्डांवर विणलेल्या प्रत्येक चादरींत ती उमटते.

या छिद्रांचें सामर्थ्य कापडापुरतें राहिलें नाहीं. १८३९ सालीं लियों येथें खुद्द जॅकार्डचें चित्र रेशमांत विणलें गेलें. त्यास सुमारें २४,००० कार्डें लागलीं. त्याची एक प्रत इंग्लंडांतील चार्ल्स बॅबेज यांनीं संग्रहीं ठेविली होती. आपल्या नियोजित गणनयंत्रास आज्ञा देण्यासाठीं त्यांनीं अशींच कार्डें योजिलीं होतीं.

आजचा प्रोग्रॅमर मोबाइलसाठीं ‘बिटमॅप’ निर्माण करतो, तेव्हां तो हाच आंखलेला कागद मांडीत असतो. प्रथम रुंदी व उंची सांगून स्मृतींत कोरा पट मागावयाचा, मग त्यावर रेषा, वर्तुळें व रंग भरावयाचे आणि शेवटीं तो पट पडद्यावर उतरवावयाचा. धाग्याला वर किंवा खालीं एवढेंच ठाऊक. येथें मात्र प्रत्येक बिंदूस सामान्यतः चार आंकडे असतात: तांबडा, हिरवा, निळा आणि पारदर्शकता. १,०८० रुंद व १,९२० उंच पटांत २०,७३,६०० बिंदु होतात आणि त्यांस सुमारें ८३ लक्ष बाइट जागा लागते. म्हणून मोठीं चित्रें बेफिकिरीनें उघडणारा प्रोग्रॅम कोलमडतो. बांकाच्या पायऱ्या येथेंही चुकत नाहींत. कडेच्या बिंदूंत मधल्या छटा भरून त्या झांकाव्या लागतात.

१९८३ सालीं इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड बाजारांत आलें. त्या मागास पुठ्ठ्याचीं कार्डें लागत नाहींत. संगणकावर काढलेली चौकोनांची नक्षी तो थेट वाचतो. मागावरून निघालेली युक्ति अशा रीतीनें गणनयंत्राच्या वाटेनें पुन्हां मागाकडे परतली.

या फेऱ्यांत कार्डें पाडणाऱ्यांचे हात रिकामे झाले, हें विसरतां येत नाहीं. जॅकार्डचें नांव यंत्रावर राहिलें, बॅबेजचें ग्रंथांत. मोराची मान चौकोनांत वळविणाऱ्या सोलापूरच्या नक्षीकाराचें नांव चादरीच्या कांठावरही नाहीं. परंतु कागद गेला, कार्डें गेलीं, तरी कोणता चौकोन भरावा हा प्रश्न कोणत्याच यंत्रानें पुसून टाकिलेला नाहीं. त्याचें उत्तर देणारी नजर ज्या घरांत शिल्लक आहे, तेथील मुलानें उद्यां माग धरला काय किंवा मोबाइलचा प्रोग्रॅम लिहिला काय, त्याच्या हातीं वडिलोपार्जित विद्याच आलेली असेल.