चर्च नसलेले बेट

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी परगण्यात, डिंगल नावाचे द्वीपकल्प अटलांटिक महासागरात लांबवर घुसले आहे. त्याच्या अगदी टोकाशी डनक्विन हे गाव आणि गावासमोर, अरुंद पण अत्यंत बेभरवशाच्या सामुद्रधुनीपलीकडे, ब्लॅस्केट बेटांचा समूह. यांतील थोरल्या बेटावर १९५३ सालापर्यंत माणसांची वस्ती होती. आज तेथे गावाच्या जागी बहुतांशी बिनछपराच्या भिंती उभ्या आहेत. आम्ही या बेटाविषयी लिहावयास बसलो ते मात्र त्या भिंतींसाठी नव्हे. पावणेदोनशेच्या आसपास जेथे वस्तीची परमावधी झाली, जेथे चर्च नव्हते, दुकान नव्हते, डॉक्टर नव्हता, त्या खडकाने आयरिश भाषेला अवघ्या सात-आठ वर्षांत तीन अभिजात आत्मकथने दिली. हे कसे घडले आणि मग ती वस्ती का उठली, हे दोन प्रश्न आम्हांला एकमेकांपासून सोडवता येत नाहीत.

बेटाचा जुना इतिहास थोडक्यात सांगता येईल. मध्ययुगात येथे फेरिटर घराण्याची सत्ता होती. त्यातील शेवटचा सरदार पिअरस फेरिटर हा कवी होता. क्रॉमवेलच्या सैन्याशी झालेल्या युद्धानंतर १६५३ साली त्याला किलार्नी येथे फाशी देण्यात आले. पुढे बेट अर्ल ऑफ कॉर्कच्या मालकीचे झाले आणि खंड वसूल करणाऱ्यांशी झगडण्यात बेटकऱ्यांच्या पिढ्या गेल्या. १९०७ साली एका सरकारी मंडळाने बेट विकत घेऊन जमिनीची फेरवाटणी केली, नवी पाच घरेही बांधली. एवढे झाले तरी पोट भरत होते ते समुद्रावरच.

या समुद्रात उतरण्याचे साधन म्हणजे नेव्होग. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेले डांबर लावलेले कॅनव्हास, अशी ही हलकी नाव. ती पाण्याबाहेर काढली की चारजण उलटी करून डोक्यावर घेऊन चालत. याच नावेतून बांगडे व शेवंडी धरल्या जात, मेंढरे नेली जात, बाजारहाट होई. बेटावर झाड नव्हते. जळणासाठी डोंगरावरची पीट माती कापून, वाळवून गाढवावरून आणावी लागे. समुद्र कधी अनपेक्षित दानही देई. पहिल्या महायुद्धात फुटलेल्या जहाजांचा माल किनाऱ्याला लागला आणि बेटावर काही काळ सुबत्ता आली. चहाच्या पेट्या प्रथम वाहून आल्या तेव्हा त्या पाण्यात बायकांनी लोकरी परकर रंगवले, असेही सांगतात! पण याच सामुद्रधुनीत १५८८ साली स्पॅनिश आरमारातील ‘सांता मारिया दे ला रोसा’ हे जहाज बुडाले आणि त्यावरील केवळ एकच मनुष्य जिवंत किनाऱ्याला लागला, हे बेटकरी विसरणे शक्य नव्हते.

बेटावर चर्च नसल्याचे आम्ही वर म्हटले. दर रविवारी मिस्सेसाठी सारे गाव वल्ही मारीत डनक्विनला जाई. वादळ असले तर मिस्सेच्या वेळी बेटावरच एकत्र जमून रोझरी म्हटली जाई. धर्मगुरू वर्षातून एकदा बेटावर येऊन मिस्सा करीत व पापनिवेदने ऐकत. त्यासाठी घरे चुन्याने रंगवून निघत. मृतांना नावेतून पलीकडे नेत; शवपेटीच्या नावेमागे इतर नावांची रांग लागे. बाप्तिस्म्याआधीच गेलेली अर्भके मात्र बेटाच्याच मातीत पुरली जात. त्या काळच्या समजुतीनुसार त्यांना पवित्र केलेल्या दफनभूमीत जागा नव्हती. ही गोष्ट लिहिताना आमचा हात अडखळतो.

आता पुस्तकांकडे वळू. टोमास ओ क्रिहन हा कोळी आयरिश बोलत होता, पण ती वाचावयास शिकला चाळिशीनंतर. शाळेत शिकवली जाई ती इंग्रजी. १९०७ साली नॉर्वेचे भाषापंडित कार्ल मार्स्ट्रांडर त्याच्याकडे शिकण्यास आले, १९१० मध्ये ब्रिटिश म्युझियमचे रॉबिन फ्लॉवर आले. किलार्नीच्या ब्रायन ओ केली यांनी त्याला गॉर्की व पिएर लोती यांची पुस्तके वाचून दाखवली: कोळ्याशेतकऱ्यांचे जीवनही साहित्याचा विषय होऊ शकते, हे त्याला पटावे म्हणून. ते पटले. १९२९ साली त्याचे ‘अन टिलानख’, म्हणजे ‘बेटकरी’, प्रसिद्ध झाले. त्याच्या दहा मुलांपैकी एक कड्यावरून पडले, काही साथींनी नेली, एक मुलगा बुडणाऱ्यांना वाचवताना बुडाला. आणि हे सारे तो इतक्या कमी शब्दांत सांगून पुढे जातो की वाचकच मागे थांबतो. मॉरिस ओ सुलिवन या तरुणाचे पुस्तक १९३३ चे, त्याहून कितीतरी हसरे. पेग सेयर्स ही लग्न होऊन बेटावर आलेली बाई. तिने १९३६ चे आपले आत्मकथन मुलाला तोंडी सांगितले. पुढे ते शाळांत सक्तीचे पाठ्यपुस्तक झाले आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी त्यातील दुःखांना कंटाळून तिचे नावच टाकले. आमच्या मते हा पेगवर अन्याय झाला. तिच्याकडून लोककथा टिपून घेणाऱ्यांनी शेकडो कथा नोंदवल्या आहेत, आणि त्यांतली बाई मोठी मिस्कील आहे.

पुस्तके छापली जात होती तेव्हाच गाव रिकामे होत होते. तरुण मंडळी अमेरिकेला, विशेषतः मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डला, जात. निघण्याच्या आदल्या रात्री नाचगाणे होई, तरी त्याला नाव होते ‘अमेरिकन जागर’, मृताजवळ जागावे तसा. १९४१ साली मुलांअभावी शाळा बंद पडली. मग १९४७ च्या जानेवारीत एक तरुण मस्तिष्कावरणाच्या दाहाने आजारी पडला. समुद्र खवळलेला, संदेशयंत्र बंद. डॉक्टर आला नाही, धर्मगुरू आला नाही, आणि तो मुलगा अखेरच्या तैलाभ्यंगाविना गेला. शवपेटी आणण्यासाठीही समुद्र शांत होण्याची वाट पाहावी लागली. त्याच वर्षी वसंतात अन्न संपले तेव्हा बेटकऱ्यांनी पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना तार केली. जुलैत ते स्वतः बेटावर येऊन गेले. स्थलांतराचा निर्णय व्हावयास तरीही सहा वर्षे लागली. आयरिश भाषेच्या शुद्ध झऱ्याचा गौरव करणाऱ्या राज्याला त्या झऱ्याकाठी एक भरवशाचा धक्का बांधता आला नाही, ही विसंगती आम्हांला डाचते. बेट सोडण्याची मागणी बेटकऱ्यांचीच होती, हेही नोंदवले पाहिजे. त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तीच केली असती.

१७ नोव्हेंबर १९५३ रोजी स्थलांतरास आरंभ झाला तेव्हा बेटावर बावीस माणसे उरली होती. त्या दिवशीही समुद्राने सर्वांना एकदम निघू दिले नाही. डनक्विनला त्यांना जी घरे मिळाली, तेथून सामुद्रधुनीपलीकडचे बेट समोर दिसत असे.