सुलतान गेट आणि इस्ताना कांपोंग ग्लाम

सुलतान गेट ही सिंगापूरच्या कांपोंग ग्लाम भागातली आखूड जुनी गल्ली. तिच्या टोकाला फाटक आणि फाटकाआड ‘इस्ताना’, म्हणजे मलाय सुलतानाचा राजवाडा. कांपोंग म्हणजे वस्ती. ग्लाम हे झाड. त्याच्या सालीने होड्यांच्या फटी बुजवत, पानांतून कायापुटीचे तेल काढत.

या वाड्याचा मूळ धनी गादीला मुकलेला होता. १८१२ मध्ये जोहोरचा सुलतान महमूद वारला, तेव्हा थोरला मुलगा हुसेन लग्नासाठी पहांगला गेलेला. वारस मृत्युशय्येपाशी हजर हवा, या रिवाजावर बोट ठेवून दरबाऱ्यांनी धाकट्याला सुलतान केले. धाकट्यावर डचांचा पगडा. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी रॅफल्स याला तर बंदरासाठी जागा आणि करारावर शिक्का उमटवणारा राजा हवा होता. त्याने हुसेनला बोलावून ६ फेब्रुवारी १८१९ रोजी सुलतान म्हणून मान्यता दिली. त्याला वर्षाला ५,००० स्पॅनिश डॉलर ठरले. त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी तह केला. दोन्ही गाद्या घडवणारा कारागीर एकच.

१८२४ च्या तहाने सिंगापूर बेट कायमचे कंपनीकडे गेले. क्रॉफर्ड हा कंपनीचा रेसिडेंट असताना रस्त्यासाठी वाड्याच्या आवाराची भिंत फोडण्यात आली. रॅफल्सचा लेखनिक मुन्शी अब्दुल्ला याने तो प्रसंग लिहून ठेवला आहे.

पहिला वाडा लाकडी होता. आजची इमारत हुसेनचा मुलगा अली याने १८४० च्या सुमारास उभारली. तिचा आराखडा आयरिश वास्तुविशारद कोलमनचा, असे परंपरा सांगते. शैली पाहता ते पटण्याजोगे आहे. अलीला सुलतानपद मिळाले ते १८५५ मध्ये, आणि तेही जोहोरवरचा हक्क (केसांगचा प्रदेश सोडून) तेमेंगोंग या मलाय सरदाराला देऊन.

१८९७ मध्ये वारसांचे भांडण न्यायालयात गेले आणि मालमत्ता सरकारची ठरली. १९०४ च्या कायद्याने वंशजांना उत्पन्नातून तनखा मिळू लागला. घराण्याची माणसे मात्र आवारात राहत होतीच, थेट १९९९ पर्यंत. बाहेर गल्लीत चिनी लोहारांचे घण चालत. २००५ पासून वाड्यात मलाय वारसा केंद्र आहे.

शेजारचे ‘गेडुंग कुनिंग’ म्हणजे पिवळे घर. पिवळा हा मलाय राजघराण्यांचा रंग. पण १९१२ मध्ये ते विकत घेतले हाजी युसुफ या कमरपट्ट्यांच्या व्यापाऱ्याने.